इमारतीचे अवमंदन : मोजावे कसे आणि गणितात मांडावे कसे

संरचना अभियंत्याच्या कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या मुलामुलींना पहिल्या एकदोन आठवड्यांतच भूकंपाच्या विश्लेषणाची माहिती संगणकात भरावी लागते आणि त्यात ‘डॅम्पिंग’, म्हणजे अवमंदन, या नावाचा एक लहानसा चौकोन असतो. शेजारी बसलेला सहकारी मान वर न करता ‘पॉइंट झिरो फाइव्ह टाक’ असे सांगतो, तो आकडा टाकला जातो आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही. हा लेख त्या एका चौकोनाविषयी आहे. तो आकडा कोठून येतो, आपल्याला स्वतःला तो मोजता येतो का, आणि मोजल्यावर तो गणितात जसाच्या तसा घालावा का, एवढेच प्रश्न येथे क्रमाने घेतले आहेत. वाचकाला स्थापत्य अभियांत्रिकीतील कंपनशास्त्राची तोंडओळख असली तर पुरे.

कोल्हापुरात बसून हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानक १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीनुसार कोल्हापूर शहर भूकंपक्षेत्र तीनमध्ये येते व त्याचा क्षेत्रगुणक ०.१६ आहे, तर सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटरवर असलेला कोयनेचा परिसर क्षेत्र चारमध्ये येतो. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला सुमारे ६.५ क्षमतेचा जो भूकंप झाला, त्याने १०३ मीटर उंचीच्या काँक्रीट धरणाला तडे गेले. घरातली वडीलधारी माणसे त्या पहाटेची आठवण अजून काढतात. त्या भूकंपाची नोंद धरणातच बसवलेल्या त्वरणमापकाने घेतली होती व जगभरातले अभ्यासक ती आजही वापरतात. त्या धरणाकडे आपण पाचव्या पायरीत परत येऊ.

आधी शब्द

एखादी संरचना एकदा हलवून सोडली की ती हलत हलत थांबते. तिच्यातली ऊर्जा सांध्यांतल्या घर्षणात, गिलाव्याच्या बारीक चिरांत, वीटकाम व आरसीसी चौकटीच्या फटीत, पायाखालच्या जमिनीत आणि थोडीशी हवेत जिरते. या जिरण्याला मराठी पाठ्यपुस्तकांत अवमंदन म्हणतात. साइटवर सगळे डॅम्पिंगच म्हणतात. वस्तुमान आणि ताठरता या दोन गोष्टी नकाशावरून काढता येतात, कारण खांबाचे माप कळले की ताठरता कळते आणि घनफळ कळले की वस्तुमान कळते. पण नकाशावरचे कोणतेही माप घेऊन अवमंदन काढता येत नाही. म्हणूनच ते मोजावे लागते.

आकडा टक्क्यांत सांगितला जातो; ०.०५ म्हणजे ५ टक्के. ज्या किमान अवमंदनाला वस्तू हलवून सोडल्यावर मागे-पुढे न होता सरळ जागेवर येते, त्याला क्रांतिक अवमंदन म्हणतात, आणि प्रत्यक्ष अवमंदन त्याच्या किती टक्के आहे हे अवमंदन गुणोत्तर, म्हणजेच झीटा, सांगते. हा आकडा डोळ्यांसमोर उभा राहावा यासाठी एक सोपा हिशेब पाठ करून ठेवावा. झीटा १ टक्का असेल तर प्रत्येक आवर्तनात आयाम, म्हणजे हेलकाव्याची उंची, सुमारे ६ टक्क्यांनी घटतो, आणि ५ टक्के असेल तर सुमारे २७ टक्क्यांनी. आयाम निम्म्यावर येण्यास किती आवर्तने लागली हे मोजावे आणि ०.११ ला त्या संख्येने भागावे, की झीटा हाती येतो. अकरा आवर्तने लागली तर १ टक्का. जेमतेम दोन-सव्वादोन लागली तर ५ टक्के. रिकामा झोपाळा हलताना पाहूनही हा अंदाज करता येतो. कडीला तेल घातलेला झोपाळा किती वेळ हलत राहतो आणि कुरकुरणारा किती लवकर थांबतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला अवमंदनाची निम्मी ओळख झालेलीच असते.

गणितात आपण अवमंदनाचे बल वेगाच्या प्रमाणात धरतो, जणू काही संरचनेला कोठेतरी तेलाचा दट्ट्या जोडलेला आहे. इमारतीत असा दट्ट्या नसतो. तेथे घर्षण असते आणि साहित्य वाकताना व सरळ होताना होणारी ऊर्जेची हानी असते. वेगाच्या प्रमाणातले बल धरण्याचे खरे कारण समीकरण सुटते हे आहे, आणि ही कबुली सुरुवातीलाच देऊन ठेवलेली बरी, कारण पुढच्या बहुतेक अडचणी या एका सोयीतून येतात.

पहिली पायरी : टेबलावरचा सांगाडा

थेट इमारतीवर जाऊ नये. आधी एक मजल्याचा लहान सांगाडा करून त्यावर हात बसवावा. उद्यमनगरातल्या कोणत्याही लहान वर्कशॉपमध्ये हे काम अर्ध्या दिवसात होते. २०० मिलिमीटर चौरस व ६ मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट मजला म्हणून घ्यावी. तिचे वजन सुमारे १.९ किलो भरते. चार खांबांसाठी २५ मिलिमीटर रुंद व १ मिलिमीटर जाड स्प्रिंग स्टीलच्या पट्ट्या घ्याव्यात आणि त्यांची मोकळी लांबी ३०० मिलिमीटर ठेवावी. पट्टीची दोन्ही टोके लोखंडी तुकड्यांच्या मध्ये दाबून प्रत्येकी दोन बोल्टनी आवळावीत, कारण एकाच बोल्टवर पट्टी फिरते आणि टोक बिजागरीसारखे वागू लागते.

हा सांगाडा मापनापूर्वीच कागदावर सोडवावा. चार पट्ट्यांची मिळून ताठरता दर मीटरला सुमारे ७४० न्यूटन येते; फोन, तुकडे व बोल्ट धरून वरचे वस्तुमान सव्वादोन किलोच्या आसपास जाते; त्यावरून नैसर्गिक वारंवारता २.९ हर्ट्झ निघते. वरचे वजन पट्ट्यांना खाली दाबून त्यांची ताठरता थोडी खाते, हा परिणाम धरला तर आकडा २.७ पर्यंत उतरतो. प्रत्यक्षात २.६ किंवा २.७ आला तर समाधान मानावे, २.२ आला तर सांधे तपासावेत.

तळाची प्लेट कशावर बसवावी याकडे नवखे हमखास दुर्लक्ष करतात. प्लायवुडच्या टेबलावर सांगाडा ठेवला तर सांगाड्याबरोबर टेबलही हलते आणि आपण दोघांचे मिळून अवमंदन मोजतो. कडाप्प्याच्या ओट्याला किंवा जमिनीवरच्या जड फरशीला क्लॅम्प मारून तळ पक्का करावा.

मापनासाठी सुरुवातीला हातातला फोन पुरतो. जर्मनीतील आखेन विद्यापीठात तयार झालेले ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप फोनमधल्या त्वरणमापकाची नोंद आकड्यांच्या तक्त्यात काढून देते. फोन दुहेरी चिकटपट्टीने प्लेटच्या मध्यभागी पक्का बसवावा, त्याची एक कडा हलण्याच्या दिशेला समांतर ठेवावी आणि फोन विमान स्थितीत टाकावा, नाहीतर नेमक्या वेळी आलेला कॉल सगळी नोंद थरथरवून टाकतो. सेकंदाला किमान १०० नोंदी मिळत आहेत याची खात्री करावी. शिवाय फोनच्या नोंदींमधले अंतर काटेकोर समान नसते, म्हणून पुढचा हिशेब करण्याआधी त्या समान अंतरावर आणून घ्याव्यात.

सांगाडा बोटाने ढकलू नये. बोट सुटताना त्याला आपल्या हाताचा वेगळाच झटका बसतो व प्लेट वळतेही. प्लेटच्या कडेच्या मध्यावर शिवणकामाचा दोरा बांधावा, तो आडवा ताणून प्लेट ५ मिलिमीटर सरकवावी, ॲप सुरू करून पाच सेकंद थांबावे आणि मग दोरा कात्रीने कापावा. या रीतीने प्रत्येक चाचणी जवळपास सारख्या आयामाने सुरू होते आणि चाचण्यांची एकमेकींशी तुलना करता येते.

येथे स्वतःची एक फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या एका गटाबरोबर अशाच सांगाड्यावर मोजमाप करताना अवमंदन ४ टक्के आले आणि मानक धरायला सांगते त्या ५ टक्क्यांच्या इतके जवळ आल्याबद्दल मुले खूश झाली. अर्धा तास मीही खूश होतो. मग वारंवारता कागदावरच्या हिशेबापेक्षा बरीच कमी का, हा प्रश्न एका मुलीने विचारला. तळाचा एक बोल्ट नुसता बोटाने फिरवून ठेवलेला निघाला. पाना लावून तो आवळताच अवमंदन १ टक्क्यावर उतरले आणि वारंवारता वर चढली. सैल सांधा ताठरता कमी करतो आणि घर्षणाने ऊर्जा खातो. तडे गेलेल्या भिंतीची इमारत नेमकी याच रीतीने वागते, म्हणून वारंवारता व अवमंदन हे दोन आकडे नेहमी जोडीने वाचावेत.

दुसरी पायरी : नोंद वाचणे

दोरा कापल्यावर पहिली दोन-तीन आवर्तने सोडून द्यावीत, कारण तेवढ्या वेळात कापण्याचा झटका आणि वरच्या वारंवारतेची थरथर मिसळलेली असते. त्यानंतर दर दहा आवर्तनांनी शिखराची उंची लिहून घ्यावी. उदाहरणासाठी असे समजू, की त्वरणाची शिखरे अनुक्रमे १.२०, ०.६१, ०.३३ आणि ०.१९ मीटर प्रति वर्ग सेकंद अशी मिळाली. दोन शिखरांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम काढून त्याला आवर्तनांच्या संख्येने भागले की जो आकडा येतो त्याला लॉगरिदमिक डिक्रिमेंट म्हणतात. त्याला पायच्या दुपटीने, म्हणजे ६.२८ ने, भागले की झीटा मिळतो. पहिल्या दहा आवर्तनांचा झीटा १.०८ टक्के, पुढच्या दहांचा ०.९८ आणि शेवटच्या दहांचा ०.८८ येतो.

सांगाडा एकच, बोल्ट तेच, दिवस तोच, आणि आकडे मात्र तीन. तिन्ही बरोबर आहेत. संपूर्ण नोंदीवर एकच रेषा बसवली असती तर ०.९८ हा एक गुळगुळीत आकडा मिळाला असता आणि आयाम कमी झाला की अवमंदनही कमी होते ही महत्त्वाची गोष्ट नजरेआड झाली असती. म्हणून शिखरांच्या लॉगरिदमचा आलेख वेळेच्या विरुद्ध काढण्याची सवय लावून घ्यावी. बिंदू सरळ रेषेत पडले तर वेगाच्या प्रमाणातले बल ही आपली सोय तेथे चालते. रेषा शेवटाकडे आडवी होत गेली तर अवमंदन आयामाबरोबर घटते आहे. उलट ती शेवटी खाली कोसळली तर कोठेतरी कोरडे घर्षण आहे, कारण घर्षणाने दर आवर्तनाला आयाम ठरावीक टक्क्यांनी घटत नाही, तर ठरावीक मापाने घटतो, आणि वस्तू एकाएकी थांबते.

ही चाचणी किमान पाच वेळा करावी. एका चाचणीवर विसंबून आकडा सांगणे म्हणजे एका कांद्यावरून पोत्याचा भाव करणे होय.

तिसरी पायरी : खरी इमारत

इमारत दोरा बांधून ओढता येत नाही. जुन्या काळी काही ठिकाणी तसे केले गेले आहे, पण तो नवख्याचा उद्योग नव्हे. गच्चीवर केंद्राबाहेर बसवलेल्या वजनाचे फिरते यंत्र बसवून ठरावीक वारंवारतेने इमारत हलवणे हा प्रयोगशाळांचा मार्ग आहे. आपल्यासाठी वारा, रस्त्यावरची वाहने व माणसांची ये-जा यांमुळे इमारत जी सतत सूक्ष्म थरथरत असते ती नोंदणे हाच मार्ग उरतो. ही थरथर इतकी बारीक असते की बहुतेक फोनांच्या त्वरणमापकाचा स्वतःचा गोंगाट तिच्यावर मात करतो. येथे भूकंपमापनासाठीचा संवेदक किंवा कमी गोंगाटाचा त्वरणमापक लागतो. तो विकत घेण्याऐवजी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून मिळतो का ते आधी विचारावे.

राजारामपुरीतल्या किंवा ताराबाई पार्कातल्या पाच-सहा मजली आरसीसी इमारतीवर मोजमाप करायचे आहे असे धरू. संवेदक सगळ्यात वरच्या मजल्याच्या स्लॅबवर ठेवावेत. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर तिच्या खांबापासून दूर राहावे आणि जलरोधनाचा थर मऊ असेल तर त्यावर संवेदक ठेवूच नये. एक संवेदक जिन्याजवळ आणि दुसरा समोरच्या कोपऱ्यात असावा, म्हणजे इमारत सरळ डोलते आहे की पिळते आहे हे वेगळे काढता येते. लांबी-रुंदी सारखी असलेल्या इमारतीत दोन्ही दिशांच्या वारंवारता अगदी जवळ येतात, त्या एकमेकींत मिसळून नोंद फुगते व ओसरते, आणि त्या ओसरण्यालाच अवमंदन समजण्याची चूक अनुभवी माणसेही करतात.

किती वेळ नोंद घ्यावी, याचे उत्तर नवख्यांना नेहमी जास्त वाटते. इमारतीच्या पहिल्या दोलनकालाच्या, म्हणजे एका पूर्ण हेलकाव्याला लागणाऱ्या वेळेच्या, निदान हजार ते दोन हजार पट वेळ नोंद चालू ठेवावी. दोलनकाल ०.८ सेकंद असेल तर याचा अर्थ सुमारे तेरा ते सत्तावीस मिनिटे होतो. अर्धा तास घ्यावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धा तास घ्यावा.

या अर्ध्या तासात इमारतीतली यंत्रे काय करतात याकडे लक्ष ठेवावे. पाण्याची मोटर सुरू झाली की नोंदीच्या आलेखात ४८ किंवा २४ हर्ट्झच्या आसपास सुईसारखे टोकदार शिखर उभे राहते, कारण त्या मोटरी मिनिटाला साधारण २८८० किंवा १४४० फेरे घेतात. शिखर जितके अरुंद तितके अवमंदन कमी, या नियमाने तेथे अवमंदन जवळजवळ शून्य निघते, आणि ते इमारतीचे नसते, मोटरीचे असते. वॉचमनला सांगून टाकी आधीच भरून घेणे हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत महाद्वार रोडवरच्या इमारतीची नोंद घेण्याचा मोह कोणाला झाला तर तो आवरावा. डॉल्बीने इमारत भरपूर हलते हे खरे, पण या पद्धतीचा सगळा हिशेब हलवणारे बल सर्व वारंवारतांना सारखे विखुरलेले आहे या गृहीतकावर उभा असतो आणि ठेका धरलेला आवाज त्याच्या अगदी उलट असतो.

एक जुनी युक्ती मात्र अजूनही उपयोगी पडते. गच्चीवर चार-पाच माणसांनी एका ओळीत उभे राहून मेट्रोनोमच्या ठोक्यावर, इमारतीच्या मोजलेल्या वारंवारतेने, पाय न उचलता अंग डावीकडे-उजवीकडे झुकवावे आणि अर्ध्या मिनिटाने एकदम थांबावे. संवेदकाच्या नोंदीत इमारतीचे डोलणे वाढताना आणि मग स्वच्छ ओसरताना दिसते. त्या ओसरत्या भागावर दुसऱ्या पायरीतलाच हिशेब करावा. शेजारच्या गच्चीवरून पाहणाऱ्यांना हे काय चालले आहे ते आधी सांगून ठेवावे.

चौथी पायरी : शिखराची रुंदी आणि तिचा सापळा

सूक्ष्म थरथरीच्या नोंदीचा वारंवारता-आलेख काढला की इमारतीच्या नैसर्गिक वारंवारतांपाशी शिखरे दिसतात. शिखराच्या उंचीच्या ०.७०७ पट पातळीवर त्याची रुंदी मोजावी, तिला मधल्या वारंवारतेच्या दुपटीने भागावे, म्हणजे झीटा मिळतो. आलेख आयामाचा नसून शक्तीचा असेल तर ही पातळी निम्मी धरायची असते. आयामाच्या आलेखावर चुकून निम्मी पातळी घेतली तर अवमंदन १.७३ पट फुगते; ही चूक मी प्रकल्पांच्या अहवालांत इतक्या वेळा पाहिली आहे की आता अहवाल उघडल्यावर आधी तेच पान शोधतो.

खरा सापळा याहून खोल आहे. संगणक नोंदीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा आलेख काढतो व त्यांची सरासरी घेतो. तुकडा १० सेकंदांचा असेल तर आलेखावरच्या दोन बिंदूंमधले अंतर ०.१ हर्ट्झ असते, आणि तुकड्याच्या कडा मवाळ करण्यासाठी नेहमीची हॅनिंग खिडकी लावली की कोणतेही शिखर सुमारे ०.१४४ हर्ट्झपेक्षा अरुंद दिसूच शकत नाही. इमारतीची वारंवारता २ हर्ट्झ असेल, तर इमारतीत अवमंदन अजिबात नसले तरी आलेखावरून ३.६ टक्के निघेल. तुकडा १०० सेकंदांचा केला की हीच खोटी भर ०.३६ टक्क्यांवर येते. म्हणून तुकड्याची लांबी दुप्पट करून पाहावी. आकडा लक्षात येण्याइतका उतरला तर आधीचा आकडा इमारतीचा नव्हता.

या सापळ्यातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे यादृच्छिक घट पद्धत. नोंद एक ठरावीक पातळी ओलांडते असे सगळे क्षण शोधावेत, प्रत्येक क्षणापासून पुढचा काही सेकंदांचा तुकडा उचलावा, आणि असे शेकडो तुकडे एकावर एक ठेवून सरासरी काढावी. वाऱ्याचे व वाहनांचे अनियमित धक्के एकमेकांना खोडतात आणि उरते ती हलवून सोडलेल्या इमारतीसारखी ओसरणारी लाट. त्याआधी एकच शिखर गाळून घ्यावे लागते, पण गाळणी फार अरुंद ठेवू नये, नाहीतर गाळणीचेच घुमणे आपण इमारतीच्या नावावर लिहितो. याहून प्रगत, उपअवकाश ओळखण्याच्या पद्धतींची मोफत साधने पायथॉनमध्ये मिळतात. मात्र हाताने एकदा वरचा हिशेब केल्याशिवाय त्यांच्याकडे जाऊ नये असे माझे मत आहे.

एवढे सगळे करूनही वारंवारता दोन दिवसांत जवळजवळ तीच येईल आणि अवमंदन मात्र १.१ चे १.७ होईल. यात निराश होण्यासारखे काही नाही. सरासरीबरोबर हा पसराही लिहावा.

पाचवी पायरी : गणितात मांडणे

मापनातून प्रत्येक कंपनरूपाला, म्हणजे इमारत ज्या ठरावीक आकारांत डोलते त्यांतल्या प्रत्येकाला, एकेक झीटा मिळतो. विश्लेषण कंपनरूपांनुसार करायचे असेल तर ते आकडे थेट वापरता येतात आणि काम संपते. मात्र इमारतीला तडे जातात, सळया ताणल्या जातात, अशा अरेषीय विश्लेषणात पूर्ण अवमंदन सारणी (मॅट्रिक्स) लागते, आणि तेथे बहुतेक सॉफ्टवेअर रॅले अवमंदन पुढे करते. यात अवमंदन सारणी म्हणजे वस्तुमान सारणीचा काही पट अधिक ताठरता सारणीचा काही पट. दोन गुणक असल्यामुळे फक्त दोन वारंवारतांपाशी आपण झीटा ठरवू शकतो. बाकी ठिकाणी तो आपोआप ठरतो, आणि गोंधळ तेथेच होतो.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. इमारतीचा पहिला दोलनकाल ०.८ सेकंद आणि दुसरे टोक म्हणून निवडलेला ०.१६ सेकंद. कोनीय वारंवारता अनुक्रमे ७.८५ आणि ३९.२७ रेडियन प्रति सेकंद. दोन्ही ठिकाणी ५ टक्के हवे. ताठरतेचा गुणक म्हणजे झीटाची दुप्पट भागिले दोन वारंवारतांची बेरीज, तो ०.००२१२ येतो. त्याला दोन्ही वारंवारतांच्या गुणाकाराने गुणले की वस्तुमानाचा गुणक ०.६५४ मिळतो. आता अधल्यामधल्या कंपनरूपांचे काय होते ते तपासावे. १७.६ रेडियनपाशी झीटा ३.७ टक्क्यांपर्यंत खाली जातो. वरच्या टोकाच्या तिप्पट वारंवारतेला तो सुमारे १२.८ टक्के होतो, म्हणजे ती कंपनरूपे गणितातून जवळपास पुसली जातात. भूकंपात इमारत मऊ होऊन तिचा दोलनकाल दुप्पट, म्हणजे १.६ सेकंद झाला, तर वस्तुमानाच्या गुणकामुळे तेथे झीटा ८ टक्क्यांच्या पुढे जातो. इमारत खचत असताना तिला न मागितलेला आधार आपले गणितच देते आणि अहवालात विस्थापन कमी दिसते. म्हणून खालचे टोक मूळ दोलनकालावर न ठेवता मऊ झालेल्या इमारतीच्या दोलनकालाकडे सरकवावे, असा माझा आग्रह असतो.

दुसरी काळजी ताठरतेच्या भागाची. तडा गेल्यावर किंवा सळई ताणली गेल्यावरही गुणक मूळ ताठरतेलाच लावून ठेवला, तर ज्या सांध्यातून जास्त बल जाऊच शकत नाही त्याच सांध्याच्या बाजूने अवमंदनाचे मोठे बल वाहू लागते. सॉफ्टवेअरमध्ये ‘आरंभीची ताठरता’ की ‘चालू ताठरता’ असा पर्याय असतो. तो न पाहता पुढे जाऊ नये. निकाल आल्यावर अवमंदनाची बले वेगळी छापून पाहावीत आणि तळाच्या कातरबलाशी, म्हणजे पायाशी येणाऱ्या एकूण आडव्या बलाशी, त्यांची तुलना करावी.

कोयनेच्या धरणाचे उदाहरण येथे कामी येते. अबॅकस या सॉफ्टवेअरच्या उदाहरणसंग्रहात १९६७ च्या भूकंपाखालचे कोयना धरण सोडवून दाखवले आहे. धरणाची पहिली कोनीय वारंवारता १८.६१ रेडियन प्रति सेकंद आहे, पहिल्या कंपनरूपाला ३ टक्के अवमंदन धरले आहे, वस्तुमानाचा गुणक शून्य ठेवला आहे आणि ताठरतेचा गुणक ०.००३२३ घेतला आहे. झीटाची दुप्पट भागिले वारंवारता हा हिशेब करून तो आकडा आपण वहीत पडताळू शकतो. धरणाचा वरचा भाग तड्यामुळे डोलू लागतो तेव्हा वस्तुमानाशी जोडलेले अवमंदन त्याच्या सगळ्या हालचालीला खोटा अडसर घालते. म्हणून तेथे तो गुणक नको.

मोजलेला आकडा आणि मानकातला आकडा

आता सुरुवातीच्या चौकोनाकडे येऊ. मापनातून एखाद्या आरसीसी इमारतीचे अवमंदन १ ते २ टक्क्यांच्या आसपास येते आणि मानक ५ टक्के धरायला सांगते. मग कोण चुकले? कोणीच नाही. आपण मोजले ते मायक्रोमीटरच्या थरथरीला. मानक बोलते ते काँक्रीटला तडे जाण्याइतक्या हालचालीविषयी, जिथे चिरांच्या घासण्यात व भिंतींच्या सुटण्यात पुष्कळ ऊर्जा जाते. टेबलावरच्या सांगाड्यात १.०८ आणि ०.८८ मध्ये जो फरक दिसला, त्याचेच हे मोठे रूप आहे.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की मोजलेले दीड टक्के मोठ्या भूकंपाच्या विश्लेषणात घालू नयेत, आणि वाऱ्यात उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावर माणसांना गरगरते का हे तपासताना ५ टक्के घालू नयेत. फरक किती पडतो हे मानकाच्या २००२ च्या आवृत्तीतल्या गुणकांवरून कळते : ५ टक्क्यांचा गुणक १ धरला तर २ टक्क्यांना १.४० आणि १० टक्क्यांना ०.८० असा होता. क्षेत्र तीनमध्ये, मध्यम जमिनीवर, ०.८ सेकंद दोलनकालाच्या विशेष आरसीसी चौकटीसाठी आडव्या बलाचा गुणक ०.०२७ येतो, २ टक्के धरले असते तर तो ०.०३८ झाला असता.

अरेषीय विश्लेषणात सांध्यांचे ताणले जाणे स्वतंत्रपणे मांडलेले असते, तेव्हा तिथली ऊर्जा आधीच मोजली जाते. त्यावर पुन्हा पूर्ण ५ टक्के घालणे म्हणजे एकच बिल दोनदा वसूल करणे. अशा वेळी २ ते ३ टक्के धरण्याची प्रथा आहे व ती योग्य आहे. जमिनीत जिरणारी ऊर्जा हा स्वतंत्र विषय आहे. पंचगंगेकाठच्या काळ्या मातीवरची ताठ, बुटकी इमारत आणि कठीण दगडावरची तशीच इमारत यांत तो फरक पाडतो, पण नवख्याने प्रथम पाया पक्का धरूनच गणित जुळवावे.

नोंदवही

मोजमापाच्या वहीत नुसता ‘१.४ टक्के’ लिहिला तर वर्षभराने तो आपल्यालाच निरुपयोगी होतो. त्याशेजारी कोणते कंपनरूप व कोणती दिशा, वारंवारता किती, हालचालीचा आयाम किती, पद्धत कोणती, तुकड्याची लांबी किती, किती चाचण्या आणि पसरा किती, हे लिहावे. पाऊस होता का, टाकी भरलेली होती का, लिफ्ट चालू होती का, हेही लिहावे. भरलेली टाकी वस्तुमान बदलते, तिच्यातले पाणी स्वतंत्रपणे डचमळते आणि दुपारी मोजलेली वारंवारता संध्याकाळी का सरकली याचे कारण बहुधा गच्चीवरच्या त्या टाकीतच सापडते. कच्ची नोंद न गाळता, न कापता जपून ठेवावी, आणि सांगाड्यावर काम केले असेल तर शेवटच्या ओळीत बोल्ट कोणी, कधी आणि कशाने आवळले तेही लिहावे.